महाभियोगाच्या खटल्यात खुर्चीकडे कसं पाहायचं: पीठासीन न्यायाधीश, त्यांचे सल्लागार आणि त्यांचा खरा अधिकार

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांवर महाभियोगाचा खटला उभा राहिला की आपल्याकडच्या चॅनेलांवर आणि व्हॉट्सॅप ग्रुपांवर एक वाक्य हमखास फिरतं: आता सरन्यायाधीश काय तो निकाल देतील. ते निकाल देत नाहीत. दोषी की निर्दोष हे सिनेटचे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाचे, सदस्य मतदानानं ठरवतात आणि खुर्चीवर बसलेल्या सरन्यायाधीशांना त्या मतदानात मत नसतं. मग ते तिथे करतात काय, त्यांच्या कानाशी कोण बोलतं, त्यांनी दिलेला निर्णय कधी टिकतो आणि कधी पडतो, हे नीट समजून घ्यायचं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. कायद्याचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे, परदेशी बातम्या मराठीत आणणारे उपसंपादक आणि तिकडे राहून हे सगळं घरच्या टीव्हीवर पाहणारे आपले लोक डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच प्रश्न हाताशी ठेवा: हा निर्णय सभागृहाला साध्या बहुमतानं फिरवता आला असता का? उत्तर जवळजवळ दर वेळी 'हो' येईल. खुर्चीवरचा माणूस हे जाणून बोलत असतो. त्याचं बोलणं, त्याचं गप्प राहणं, दोन्ही त्यातूनच येतं.

पायरी १: आधी कागद जमवा

तीन गोष्टी पुरतात. अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातलं तिसरं कलम, सिनेटची महाभियोगासाठीची वेगळी नियमावली (एकूण २६ नियम, बहुतेक १८६८ च्या साच्यातले, १९८६ मध्ये डागडुजी केलेले) आणि 'काँग्रेशनल रेकॉर्ड' हा कामकाजाचा शब्दशः अहवाल. तिन्ही ऑनलाइन फुकट मिळतात. व्हिडिओ असेल तर उत्तमच, पण सिनेटमधले कॅमेरे सिनेटच्याच ताब्यात असतात, म्हणून बोलणारा आणि व्यासपीठ यांपलीकडे फारसं काही दिसत नाही. झोपलेले सदस्य पाहायला मिळतील अशी आशा नको.

नियमावली अख्खी वाचायची गरज नाही. नियम ७, १९ आणि २४ एवढे तीन वाचलेत तरी पुरेसं आहे.

पायरी २: खुर्चीत कोण आहे आणि का, ते बघा

सिनेटच्या अध्यक्षस्थानी एरवी उपराष्ट्राध्यक्ष असतात. राष्ट्राध्यक्षांवरच खटला चालला, तर त्यांना हटवल्यावर गादी उपराष्ट्राध्यक्षांनाच मिळणार. म्हणून घटनेनं तेवढ्या एका प्रसंगासाठी सरन्यायाधीशांना बोलावलं. गंमत अशी, की अमेरिकन राज्यघटनेत 'सरन्यायाधीश' या पदाचा उल्लेख येतो तो या एकाच ठिकाणी.

बाकी कोणावरही, म्हणजे न्यायाधीश किंवा मंत्र्यांवर, खटला चालला तर सरन्यायाधीश येत नाहीत. १८०५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सॅम्युअल चेस यांच्यावर खटला चालला, तेव्हा खुर्चीत उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर होते. अलेक्झांडर हॅमिल्टन यांना द्वंद्वात मारल्याबद्दल खुद्द बर यांच्यावर न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत आरोपपत्र होतं. आजकाल कनिष्ठ न्यायालयांच्या न्यायाधीशांचे खटले आले, की पुरावे ऐकण्याचं काम बहुधा सदस्यांच्या समितीकडे जातं. त्याला माजी न्यायाधीश वॉल्टर निक्सन यांनी आव्हान दिलं. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की खटला कसा चालवायचा हा सिनेटचा प्रश्न आहे, कोर्ट त्यात पडणार नाही. तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश विल्यम रेन्क्विस्ट. सहा वर्षांनी ते स्वतःच सिनेटच्या खुर्चीत बसले.

आजवर सरन्यायाधीशांनी चालवलेले खटले तीनच: १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन यांचा (खुर्चीत सॅमन चेस, १८०५ चे चेस वेगळे), १९९९ मध्ये बिल क्लिंटन यांचा (रेन्क्विस्ट) आणि २०२० मध्ये डोनल्ड ट्रम्प यांचा पहिला (जॉन रॉबर्ट्स). ट्रम्प यांचा दुसरा खटला २०२१ च्या फेब्रुवारीत चालला, तोवर त्यांनी पद सोडलं होतं. त्यामुळे रॉबर्ट्स आले नाहीत आणि सिनेटमधले ज्येष्ठ सदस्य, हंगामी अध्यक्ष पॅट्रिक लेही खुर्चीत बसले. लेही सिनेटर होते, म्हणून त्यांनी खटला चालवला आणि मतही दिलं. बातमी लिहिताना हा फरक हमखास सुटतो, तेवढा जपा.

पायरी ३: शपथ तपासा

सरन्यायाधीश सर्वोच्च न्यायालयाची शपथ घेऊन बसलेले असतात, तरी इथे त्यांना नव्यानं शपथ घ्यावी लागते: या खटल्यात घटना आणि कायद्यानुसार निःपक्षपाती न्याय करीन. १९९९ मध्ये ती स्ट्रॉम थर्मंड यांनी दिली, २०२० मध्ये चक ग्रासली यांनी. दोघेही त्या त्या वेळचे सिनेटचे हंगामी अध्यक्ष. मग सरन्यायाधीश सगळ्या सिनेटरांना तीच शपथ देतात. म्हणजे न्यायाचं वचन खुर्ची आणि सभागृह दोघांनीही दिलेलं असतं. ही गोष्ट पाचव्या पायरीला कामी येते.

पायरी ४: खुर्चीच्या खालची रांग ओळखा

व्हिडिओमध्ये खुर्चीच्या लगेच खाली एक लांब टेबल दिसतं. तिथे बसलेल्या अधिकाऱ्यांपैकी एक अधूनमधून मान वळवून वर काहीतरी कुजबुजतो. हे सिनेटचे पार्लमेंटेरियन, म्हणजे कार्यपद्धतीचे सल्लागार. १९९९ मध्ये रॉबर्ट डव्ह होते, २०२० आणि २०२१ मध्ये एलिझाबेथ मॅकडोनो. मॅकडोनो या पदावर आलेल्या पहिल्या महिला.

हे पद राजकीय नेमणुकीचं नसलं, तरी सिनेटच्याच नोकरीतलं आहे. त्यांच्याकडे शे-दोनशे वर्षांच्या पायंड्यांचा साठा असतो: अमुक साली अमुक हरकत आली, तेव्हा खुर्चीनं काय म्हटलं. सर्वोच्च न्यायालयातून आलेल्या न्यायाधीशाला घटना पाठ असते, सिनेटचे रीतिरिवाज नसतात. नाटकातल्या प्रॉम्प्टरसारखं हे काम. वाक्य नटाच्या तोंडी येतं, पण नट अडला की विंगेतून शब्द येतो. तरी वाक्य म्हणायचं की नाही, हे नटाच्या हातात. पार्लमेंटेरियनचा सल्ला खुर्चीवर बंधनकारक नाही. व्यवहारात तो डावलला जाणं मात्र फार दुर्मीळ.

दुसरे सल्लागार सरन्यायाधीश स्वतःबरोबर आणतात. रेन्क्विस्ट यांच्यासोबत त्यांचे प्रशासकीय सहायक जेम्स डफ आणि त्यांच्या कार्यालयातले तरुण वकील होते. या मंडळींचं काम पडद्यामागचं: जुने अहवाल चाळणं, कोणती हरकत येऊ शकते याचा अंदाज बांधणं, उत्तराचा मसुदा तयार ठेवणं. रेन्क्विस्ट यांनी स्वतः १९९२ मध्ये जुन्या महाभियोगांवर पुस्तक लिहिलं होतं, त्यामुळे त्यांना फारसं पढवावं लागलं नसावं.

तिसरा गट तांत्रिक: सिनेटचे सचिव, नावं पुकारणारे कारकून, खटला सुरू होताना 'शांत राहा, नाहीतर कैद' अशी ललकारी देणारे सार्जंट-ॲट-आर्म्स. त्यांचा सल्ल्याशी संबंध नाही.

एखादा निर्णय कोणाच्या डोक्यातून आला हे ओळखायची माझी एक साधी खूण आहे. उत्तर एका ओळीत आणि लगेच आलं, तर बहुधा पार्लमेंटेरियनचं. ते तयार परिच्छेदासारखं, साल आणि खटल्याच्या नावासकट आलं, तर सरन्यायाधीशांच्या कार्यालयाचं गृहपाठ. २१ जानेवारी २०२० च्या रात्री हे छान दिसलं. चर्चा मध्यरात्रीपलीकडे गेली. प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे आरोप ठेवणाऱ्या खालच्या सभागृहाच्या, बाजूचे जेरी नॅडलर आणि राष्ट्राध्यक्षांचे वकील पॅट सिपोलोनी एकमेकांवर चांगलेच घसरले. रात्री एकच्या सुमारास रॉबर्ट्स यांनी दोन्ही बाजूंना सारख्याच शब्दांत समज दिली. ती देताना त्यांनी १९०५ च्या न्यायाधीश स्वेन यांच्या महाभियोग खटल्याचा दाखला काढला: तेव्हा फिर्यादी बाजूच्या एका प्रतिनिधीनं प्रतिपक्षाला 'किरकोळ चलाखीची वकिली' अशा अर्थाचा शब्द वापरला, तर सिनेटरनं हरकत घेतली आणि खुर्चीनंही तो शब्द नको होता असं म्हटलं. तितक्या उंच मापाची अपेक्षा नाही, पण आपण कुठे उभे आहोत एवढं लक्षात ठेवा, असं रॉबर्ट्स म्हणाले. एकशे पंधरा वर्षांपूर्वीचा असा बारीक दाखला रात्री एक वाजता सहज सुचत नाही. तो खिशात असावा लागतो.

पायरी ५: नियम ७ लावून बघा

सगळी किल्ली इथे आहे. नियम ७ म्हणतो, की पुराव्याची ग्राह्यता, संबंध, पुनरुक्ती आणि इतर आनुषंगिक प्रश्नांवर पीठासीन अधिकारी निर्णय देऊ शकतात. तो सिनेटचाच निर्णय मानला जातो. पण एकाही सदस्यानं मतदान मागितलं, तर प्रश्न चर्चेविना सभागृहासमोर जातो. शिवाय पीठासीन अधिकारी स्वतः निर्णय न देता सुरुवातीलाच प्रश्न सभागृहाकडे टोलवू शकतात.

म्हणून कोणताही निर्णय वाचताना त्याची नोंद तीनपैकी एका खान्यात करा: खुर्चीनं दिला आणि टिकला, खुर्चीनं दिला आणि सभागृहानं फिरवला, किंवा खुर्चीनं दिलाच नाही.

पहिल्या खान्यातलं उत्तम उदाहरण १५ जानेवारी १९९९ चं. प्रतिनिधिगृहाचे प्रतिनिधी, म्हणजे इथले फिर्यादी, सिनेटरांना वारंवार 'ज्यूरी' म्हणत होते. आयोवाचे टॉम हार्किन उठले आणि हरकत घेतली. रेन्क्विस्ट यांनी ती मान्य केली: सिनेट नुसती ज्यूरी नाही, या खटल्यात ती न्यायालय आहे, तेव्हा वकिलांनी हा शब्द टाळावा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ज्यूरी फक्त तथ्य ठरवते, कायदा काय ते न्यायाधीश सांगतात. सिनेट न्यायालय असेल, तर कायदा, पुरावा, आरोप पदावरून हटवण्याइतका गंभीर आहे का, हे सगळं तीच ठरवणार. थोडक्यात, त्या एका वाक्यानं रेन्क्विस्ट यांनी स्वतःचाच अधिकार आखडून घेतला. झग्याच्या बाह्यांवर त्यांनी सोनेरी पट्टे लावून घेतले होते, एका ब्रिटिश संगीतिकेतल्या न्यायाधीशाच्या पोशाखावरून. तेव्हाच्या मराठी बातम्यांतही या पट्ट्यांवर ज्यूरीच्या निर्णयापेक्षा जास्त लिहिलं गेलं असेल, याची मला जवळजवळ खात्री आहे.

दुसऱ्या खान्यासाठी १८६८ कडे जा. सॅमन चेस यांना आपण खरोखर न्यायाधीश म्हणून बसलो आहोत असं वाटत होतं आणि ते तसे वागले. नौदलमंत्री गिडियन वेल्स यांची साक्ष आली. मंत्रिमंडळात, अधिकाऱ्यांना हटवायला सिनेटची संमती लागेल असं म्हणणारा वादग्रस्त कायदा घटनाबाह्य असल्याचा सल्ला राष्ट्राध्यक्षांना दिला गेला होता, हे त्यांना सांगायचं होतं. चेस म्हणाले, ग्राह्य आहे. सिनेटनं मतदान मागितलं आणि निर्णय फिरवला. पुरावा बाहेर गेला. चेस यांच्या निःपक्षपातीपणावर तेव्हाच्या रिपब्लिकनांचा विश्वास नव्हता, आणि त्याला आधारही होता: त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्याच्या खटपटीत ते होते.

तिसरा खाना सगळ्यात भरलेला. २०२० मध्ये साक्षीदार बोलवायचे का, कागदपत्रं मागवायची का, हे प्रश्न रॉबर्ट्स यांनी ठरवावेत अशी दुरुस्ती डेमोक्रॅट सदस्यांनी आणली. ५३ विरुद्ध ४७ मतांनी ती बाजूला सारली गेली. सभागृहानं खुर्चीला स्पष्ट सांगितलं, की हे काम तुमचं नाही.

पायरी ६: प्रश्नोत्तरांचा भाग मन लावून वाचा

नियम १९ नुसार सिनेटरांना तोंडी प्रश्न विचारता येत नाहीत. प्रश्न लिहून द्यायचा आणि पीठासीन अधिकारी तो वाचणार. २०२० मध्ये २९ आणि ३० जानेवारीला दोन दिवस हेच चाललं. सदस्य उठतो, 'मी मेजाकडे प्रश्न पाठवतो' म्हणतो, चिठ्ठी हातोहात वर जाते आणि सरन्यायाधीश वाचून दाखवतात. सुरुवातीलाच रॉबर्ट्स यांनी उत्तराला पाच मिनिटांची मर्यादा सुचवली. ही रेन्क्विस्ट यांची जुनी सूचना. १९९९ च्या अहवालात त्या सूचनेपुढे कंसात 'हशा' अशी नोंद आहे, हेही त्यांनी सांगितलं.

खुर्चीचा खरा स्वभाव या टप्प्यावर उघड होतो. एलिझाबेथ वॉरन यांच्या चिठ्ठीत प्रश्न होता, की साक्षीदार-पुराव्यांविना चाललेल्या खटल्याच्या अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश बसल्यानं सरन्यायाधीश, सर्वोच्च न्यायालय आणि घटना यांच्या प्रतिष्ठेला बाध येतो का? रॉबर्ट्स यांनी तो स्वतःच्या तोंडानं, चेहरा न बदलता, पूर्ण वाचला. रँड पॉल यांच्या चिठ्ठीत मात्र ट्रम्प यांच्याविरुद्ध तक्रार करणारा जागल्या (व्हिसलब्लोअर) असल्याचं बोललं जाणाऱ्या व्यक्तीचं नाव होतं. 'पीठासीन अधिकारी हा प्रश्न वाचण्यास नकार देत आहेत,' एवढंच रॉबर्ट्स म्हणाले. पॉल बाहेर गेले आणि पत्रकारांसमोर तोच प्रश्न वाचला.

आता पायरी ५ चा तक्ता काढा. पॉल यांना किंवा त्यांच्या बाजूच्या कोणालाही मतदान मागण्याचा मार्ग होता. कोणी मागितलं नाही. म्हणजे नकार टिकला तो सरन्यायाधीशांच्या पदामुळे जितका, तितकाच बहुमताला तो चालणारा होता म्हणून. आपल्या अपमानाचा प्रश्न वाचायचा आणि तिसऱ्याच्या जिवाला धोका आणणारा अडवायचा, ही निवड मला या अख्ख्या खटल्यातली सर्वांत समंजस गोष्ट वाटते.

पायरी ७: समसमान मतांचा पेच

१८६८ मध्ये चेस यांनी प्रक्रियेच्या दोन प्रश्नांवर समसमान मतं पडल्यावर निर्णायक मत दिलं होतं. चार्ल्स समनर यांनी हरकत घेतली, पण सिनेटनं चेस यांना रोखलं नाही. हा पायंडा दीडशे वर्षं तसाच पडून होता. ३१ जानेवारी २०२० ला साक्षीदारांचा प्रस्ताव ५१ विरुद्ध ४९ नं पडला. त्यानंतर चक शूमर यांनी विचारलं: सरन्यायाधीशांना चेस यांचा दाखला ठाऊक आहे का? रॉबर्ट्स यांचं उत्तर तयार होतं. तुरळक दोन प्रसंगांवरून निर्णायक मताचा सर्वसाधारण अधिकार सिद्ध होत नाही. लोकांनी निवडलेले सदस्य समसमान विभागले गेले, तर प्रस्ताव फेटाळला जातो हा नेहमीचा नियम. दुसऱ्या शाखेतल्या, न निवडलेल्या माणसानं तो निकाल बदलणं अयोग्य.

स्पर्धा परीक्षेत 'सरन्यायाधीशांना निर्णायक मत आहे का' असा प्रश्न आला, तर दोन्ही पायंडे लिहा आणि घटनेत याबद्दल काहीच नाही हेही लिहा.

शेवटच्या मतदानात हा पेच येतच नाही, कारण दोषी ठरवायला हजर सदस्यांच्या दोन तृतीयांश मतं लागतात. जॉन्सन एका मतानं वाचले (३५ विरुद्ध १९). क्लिंटन यांच्यावर एका आरोपावर ५० विरुद्ध ५० पडली, तरी ते सरळ सुटले. ट्रम्प २०२१ मध्ये ५७ विरुद्ध ४३ वर सुटले.

पायरी ८: राज्यांच्या खटल्यांत सल्लागाराची नेमणूक तपासा

अमेरिकेतल्या राज्यांमध्येही महाभियोग होतात, आणि तिथे पार्लमेंटेरियनपेक्षा वेगळा सल्लागार दिसू शकतो. २०२३ च्या सप्टेंबरात टेक्सासचे ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांच्यावर राज्याच्या सिनेटमध्ये खटला चालला. खुर्चीत लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक. ते वकील नाहीत, आधी रेडिओवर होते. साक्षीपुराव्यांच्या हरकतींवर झटपट निर्णय द्यायचे, म्हणून त्यांनी कायदेशीर सल्लागार नेमायचं ठरवलं. पहिल्यांदा निवडलेल्या माजी न्यायाधीशांनी माघार घेतली, कारण पॅक्स्टन यांच्या निवडणुकीतल्या प्रतिस्पर्ध्याला त्यांनी देणगी दिली होती. मग माजी अपील न्यायाधीश लाना मायर्स आल्या, आणि हरकत आली की पॅट्रिक त्यांच्याकडे झुकायचे. देणगीचा मुद्दा सल्लागाराला लागला, खुर्चीला मात्र लागला नाही: पॅक्स्टन यांच्या समर्थक गटाकडून पॅट्रिक यांनी त्याच उन्हाळ्यात देणगी आणि कर्ज मिळून ३० लाख डॉलर घेतले होते. निर्दोष सुटकेनंतर पॅट्रिक यांनी खुर्चीतूनच प्रतिनिधिगृहावर टीका केली.

अशा खटल्यात चार गोष्टी विचारा: सल्लागार कोणी नेमला, पैसे कोण देतं, सल्ला जाहीर होतो की कानात राहतो, आणि तो डावलला गेला तर अहवालात कळतं का. शेवटच्या दोन्हींचं उत्तर बहुधा निराशाजनकच असतं.

पायरी ९: आपल्याशी ताडून बघा

आपल्याकडे न्यायाधीशांना हटवताना कामाची वाटणी अगदी उलटी आहे. १९६८ च्या न्यायाधीश चौकशी कायद्यानुसार आरोपांची चौकशी तीन जणांची समिती करते: सर्वोच्च न्यायालयाचा एक न्यायाधीश, उच्च न्यायालयाचा एक मुख्य न्यायाधीश आणि एक नामवंत विधिज्ञ. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्ही. रामस्वामी यांच्या प्रकरणात समितीचे प्रमुख न्या. पी. बी. सावंत होते आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश पी. डी. देसाई सदस्य. पुरावा न्यायाधीशांनी तोलला, मत खासदारांनी दिलं आणि खुर्चीत कोणी न्यायाधीश नव्हता. १० आणि ११ मे १९९३ ला लोकसभेत अध्यक्ष शिवराज पाटील यांच्यासमोर चर्चा झाली, कपिल सिब्बल यांनी सभागृहात उभं राहून बचाव मांडला. ठरावाच्या बाजूनं १९६ मतं पडली, विरोधात एकही नाही, २०५ सदस्य तटस्थ राहिले. एकूण सदस्यसंख्येचं बहुमत न मिळाल्यानं ठराव पडला. पाटील यांना अनुच्छेद १०० नं दिलेलं निर्णायक मत अशा ठरावात उपयोगाचंच नसतं, कारण त्याला मतदान करणाऱ्यांची दोन तृतीयांश मतंही लागतात: मतं समसमान पडली म्हणजे दोन तृतीयांश झाली नाहीत, हे आधीच ठरलेलं असतं.